गिरणीतले रोट

माझ्या बायकोला माझी कुठली दाढ कधी दुखली तेही ठाऊक आहे, पण ही गोष्ट तिला ठाऊक नाही. मुलीला नाही. ज्यांच्याबरोबर गेली कित्येक वर्षं सकाळचा चहा पितो त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं-माझं काही देणंघेणं नाही — आणि असलंच, म्हणजे तुम्ही मला ओळखत असाल, तर आजवर ज्या बापूला ओळखत होतात तो अर्धाच होता असं समजा.

आधी एक सांगून टाकतो. मी रडूबाई नाही. छाती पिटून 'मी पापी, मी पापी' म्हणणाऱ्यांतला तर मुळीच नाही. अमळनेरजवळच्या खेड्यातून आयटीआयचा कागद खिशात घालून सुरतेत आलो आणि या शहरात जे मिळवलं ते हाताच्या आणि डोक्याच्या जोरावर मिळवलं. माझ्या कामाला आजही कुणी नावं ठेवत नाही. आणि ज्या कामाबद्दल सांगणार आहे ते तर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. त्याचा मला तेव्हा अभिमान होता, अजूनही आहे — मग तो कशाला लपवू?

ते काम म्हणजे तापीकाठची जुनी गिरणी. गोऱ्यांच्या काळातली, सुताची. हातभर जाड लाल विटांच्या भिंती, बिडाचे खांब, सागवानी तुळया, आणि माणसाच्या खांद्यावर माणूस उभा राहिला तरी वरची काच पुसता येऊ नये इतक्या उंच खिडक्या. मी तिथं फिटर म्हणून लागलो तेव्हा गिरणीला घरघर लागलेलीच होती. मग एका सकाळी भोंगा वाजला नाही. यंत्रं भंगारात गेली, इमारत लिलावात निघाली, आणि सुरतेतल्याच एका बिल्डरनं ती घेतली. त्याचं नाव सांगत नाही. आम्ही त्याला शेठ म्हणायचो, इथंही शेठच म्हणतो.

शेठना गिरणी पाडून टॉवर उभे करायचे होते. पण त्यांची सून आर्किटेक्ट, परदेशात शिकून आलेली. तिनं सासऱ्यांना फोटो दाखवले. तिकडं म्हणे जुन्या गिरण्यांमध्ये श्रीमंत लोक घरं करून राहतात. विटा उघड्या, खांब उघडे, निम्म्या उंचीवर लोखंडी जिना चढून झोपायची जागा. त्याला लॉफ्ट म्हणायचं. शेठ चक्रावले. आपल्याकडं माळा म्हणजे गोधड्या, पाहुण्यांच्या गाद्या आणि लग्नकार्यातली पातेली टाकायची जागा — माळ्यावर झोपायला कोण येणार? पण चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेला होता, शहर नव्यानं घासूनपुसून निघत होतं, आणि कापडवाल्यांची, हिरेवाल्यांची तरुण पोरं काहीतरी वेगळं मागत होती. शेठनी सुनेचं ऐकलं. आणि त्या इमारतीत हाडं झिजवलेला माणूस म्हणून मला सुपरवायझर केलं.

अडचण एकच होती. गिरणी रिकामी नव्हती.

रिंग खात्याच्या तळमजल्यावर, जिथं एके काळी सूत कातणारी यंत्रं ओळीनं धडधडायची, तिथं आमच्या खानदेशातली वीसेक कुटुंबं पत्र्याचे आडोसे घालून राहत होती. सगळी जुन्या कामगारांची घरं. दिवसा पॉवरलूमवर कामाला जायची, संध्याकाळी गिरणीत परतायची. त्यांच्या वकिलानं त्यांना बजावून ठेवलं होतं — काही झालं तरी ताबा सोडू नका. तुम्ही आत आहात तोवर शेठला तुम्हाला पक्की जागा दिल्याशिवाय सुटका नाही. वकील बरोबरच सांगत होता. मला ते ठाऊक होतं, कारण मीही तिथंच राहत होतो. गेटाजवळच्या जुन्या टाइमकीपरच्या खोलीत, एकटा. लग्न व्हायचं होतं. आणि माझं जेवण मथुराआक्काकडं असायचं.

मथुराआक्काचा नवरा याच गिरणीत होता. कापसाचा खकाणा छातीत भरून खोकत खोकत गेला. मागं आक्का आणि मुलगा गोकुळ, तेव्हा विशीचा. आक्का अंगानं काटकुळी, पण आवाज असा की गिरणी चालू असती तरी ऐकू आला असता. माझ्या चालण्याला, माझ्या भांग पाडण्याला, माझ्या सुपरवायझरच्या पांढऱ्या शर्टाला — कशाकशाला म्हणून तिनं सोडलं नाही. मी चिडलो की तिला गंमत वाटायची, आणि मला ती हसली की बरं वाटायचं.

प्लेगच्या दिवसांत सुरत ओस पडली. ज्याला पाय होते तो गावाकडं पळाला. मी नेमका तापानं फणफणलेलो. त्या दिवसांत साधा ताप कुणाला येतच नव्हता — ताप म्हणजे तेच, लोक खोलीच्या दाराशीसुद्धा फिरकत नव्हते. आक्कानं गोकुळला गावी धाडलं आणि स्वतः मागं राहिली. तोंडाला पदर बांधून मला पेज पाजत होती, कपाळावरची पट्टी बदलत होती. माझा ताप मलेरियाचा निघाला, पण ते नंतर कळलं. तिला कुठं माहीत होतं? तिनं मरणाची तयारी ठेवूनच माझ्याजवळ बैठक मारली होती.

त्याच्या पुढच्या श्रावणात तिनं कानबाईत माझी मूठ धरली. ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, पिढ्यान् पिढ्या जपलेला नारळ. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे तर घरातल्या माणसामागं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते दळायचे. खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि ते रोट. आणि नियम असा की रोट फक्त त्या कुळातल्यांनी खायचे. परक्याच्या तोंडी एक तुकडा जायचा नाही. उरले तर पौर्णिमेच्या आत घरातल्यांनीच संपवायचे, पण टाकायचे नाहीत. परक्यानं खाल्ले तर देवी रुसते. आता मी आक्काच्या कुळातला नव्हतो. वस्तीतली जुनी माणसं कुरकुरली. आक्का गहू निवडता निवडता एवढंच म्हणाली, "तापमा मन्हा हातनं पिना, तो मन्हा भाऊ शे. तेनी मूठ राही."

माझी मूठ राहिली. मी आक्काच्या कुळात गेलो, गव्हाच्या एका मुठीनं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतोय — पण बघा ना, गिरणीच्या भिंतींपासून प्लेगपर्यंत सगळं सांगून झालं आणि अजून मूळ गोष्टीला हात लावलेला नाही. धीट माणसाला अशी टाळाटाळ शोभते का?

गिरणी कशी रिकामी झाली हे लोक विचारतात तेव्हा मी एक ठरलेली गोष्ट सांगतो. शेठची माणसं आली, लोक नदीवर गेले होते, आल्यावर गेट बंद. कुणीतरी फितूर झालं असणार. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आवाजही आपोआप तसा लागतो, जरा खालचा, जरा उदास. बायकोलाही हेच सांगितलंय. यातलं एक अक्षर खोटं नाही, हीच त्यातली लबाडी.

शेठच्या ऑफिसात बैठक होती. शेठ, त्यांची सून, आणि एक सोनसाखळीवाला गृहस्थ — जागा रिकाम्या करून देणं हाच त्याचा धंदा. तो म्हणाला, पोरं आणतो, लाठ्या आणतो, एका सकाळचं काम. सून उठूनच उभी राहिली. मारामारी होणार असेल तर मी नकाशे फाडून टाकते, म्हणाली. शेठ कपाळ चोळत बसले. मी भिंतीशी उभा होतो. मला तुळयांबद्दल विचारायला बोलावलं होतं. या प्रकरणात माझं मत कुणी विचारलं नव्हतं. हे नीट ऐका — कुणीच विचारलं नव्हतं. मी आपणहून तोंड उघडलं.

"शेठ, लाठ्या कशाला? कानबाईच्या सोमवारी आत चिटपाखरू नसतं."

मग सगळं समजावून सांगितलं. रविवारी देवी बसते, सोमवारी तापीवर न्यायची. अख्खी वस्ती जाते. म्हातारी माणसं हातगाडीवर बसवून नेतात, कुणाला मागं ठेवत नाहीत, देवीला पाठ दाखवायची नसते. नदीवर फुगड्या, गाणी, आरती — निदान दुपार जाते. तेवढ्यात गेटाचं कुलूप बदलायचं, आत पहारा बसवायचा. ताबा गेला की वकील काय करणार? शेठनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बापुभाई, बेसो ने," आणि समोरची खुर्ची पुढं सरकवली. त्या ऑफिसात तोवर मी कधी बसलो नव्हतो.

आणि मला आनंद झाला. हेच सांगायचंय. मी घाबरलो नव्हतो, मला कुणी धमकावलं नव्हतं, नोकरीही जाणार नव्हती. भित्रेपणापायी केलं असतं तर एखाद्याला माझी कीवही आली असती. मी ते हुशारीच्या भरात केलं. ज्या कोड्यावर शेठ, परदेशात शिकलेली सून आणि तो सोनसाखळीवाला अडले होते ते मी एका वाक्यात सोडवलं, आणि खुर्चीवर बसून चहा प्यायलो. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की बापू, तुझ्यामुळं कुणाचं डोकं फुटलं नाही. ते खरंच आहे. पण चहा पिताना माझ्या मनात कुणाचं डोकं नव्हतं. खुर्ची होती.

तो सोमवार आला. मी वस्तीबरोबर निघालो — मी नसतो तर लोकांच्या डोळ्यांत आलं असतं. काही अंतर देवीचा पाट माझ्याच डोक्यावर होता. डफ वाजत होता, बायका गात होत्या, आक्का सगळ्यांच्या पुढं. निघताना मी पाहिलं होतं, तिनं खोलीच्या दाराला कडी घातली आणि कडी जरा ढिली होती म्हणून वरून सुतळीचा वेढा दिला. कुलूप तिच्याकडं नव्हतंच. चोरून नेण्यासारखं काय होतं तिच्या घरात?

नदीवर गर्दीत मी मागं मागं सरलो. वर रस्त्यावर शेठचा माणूस स्कूटर घेऊन उभा होता. गिरणी तिथून फार लांब नाही. आम्ही पोचलो तेव्हा गेटात नवं कुलूप लागलं होतं आणि भाड्याची माणसं आत शिरली होती. सामान बाहेर काढायचं होतं. एक ताटली फुटता कामा नये असं मी त्यांना दरडावून सांगितलं. कामात मला गबाळेपणा खपत नाही. कुठून सुरुवात करायची म्हणून ती माणसं माझ्याकडं बघायला लागली. आक्काची खोली पहिली होती. मी सुतळी सोडली, कडी काढली, दार लोटलं.

आत देवीपुढच्या उदबत्तीचा वास अजून होता. कोपऱ्यात पितळी डबा. एका माणसानं झाकण उघडलं आणि हिंदीत विचारलं की ही जाडी रोटी कसली, गोड आहे का? आत कालचे उरलेले रोट होते. त्याचा हात डब्यात जायच्या आधी मी डबा हिसकावून घेतला.

तुम्हाला हसू येईल. ज्यानं घरदार काढून घेतलं त्याला रोटांची एवढी काळजी? पण मी आमच्याच मातीतला माणूस, देवीचं भय हाडात मुरलेलं. ते रोट परक्याच्या तोंडी जाऊ देणं मला जमलं नसतं. डबा बाजूला ठेवावा, तर मला लगेच नदीवर परतायचं होतं आणि मागं ही दहा-बारा भुकेली माणसं. टाकायचे तर नसतातच. मग कुळातलं तिथं दुसरं कोण होतं? मी होतो. माझी मूठ होती ना त्यात.

मी आक्काच्या पाटावर बसलो आणि ते सगळे रोट खाल्ले. माझे, गोकुळचे, तिचे. बाहेरून माणसं खाटा उचलत होती. कोरडे रोट घशाखाली उतरेनात, पाणी शोधायला वेळ नव्हता. कणसुद्धा सांडू दिला नाही. रिकामा डबा जागेवर ठेवला, तोंड पुसलं आणि स्कूटरवर बसून नदीवर आलो. आरती नुकतीच संपत होती. मी नव्हतो हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर आक्का माझ्या शेजारून चालत होती. देवीचा नारळ गोकुळच्या हातात, आणि तिच्या डोक्यावरच्या पाटात नदीची ओली वाळू. आमच्यात ती आणतात. जमिनीवर कुठं टेकवायची नाही, थेट घरात न्यायची. पाट सावरत ती मला म्हणाली, "बापू, तू सकायपाईन उपाशी शेस. घर गयात का पहिले रोट खाई ले."

मी हो म्हणालो.

गेटाशी काय झालं ते तुम्ही समजू शकता. सामान बाहेर रस्त्याकडेला रचून ठेवलेलं, एक ताटली फुटलेली नव्हती. बायांचा आकांत, पुरुषांच्या शिव्या. मीही ओरडलो — सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो, पहारेकऱ्याची गचांडीसुद्धा धरली. त्याला सांगून ठेवलेलं होतं, तो बिचारा गप्प राहिला. आक्का मात्र ओरडली नाही. एवढ्या आवाजाची बाई, डोक्यावर वाळूचा पाट घेऊन तशीच उभी राहिली. खाली ठेवायची नाही आणि न्यायला घर नाही. अंधारून आलं तेव्हा तिनं ती वाळू पदरात घेतली आणि गाठ मारली. मग सामानातला डबा उघडला, आणि तो रिकामा दिसला. तेव्हा ती मटकन खाली बसली.

नंतरचं सगळं माझ्या हिशेबाप्रमाणंच झालं. वकील म्हणाला, ताबा गेला, आता वर्षानुवर्षं कोर्टात झगडा. लोकांना पोट होतं, झगडायला वेळ नव्हता. कुणी शहराच्या कडेला डिंडोलीला गेलं, कुणी गावी परतलं. आक्काला नवागाममध्ये खोली मीच पाहून दिली, टेम्पो मीच ठरवला, पलंग मीच चढवला. शेठकडं काम करत राहिलो म्हणून कुणी मला बोललं तर आक्का माझी बाजू घ्यायची. तिच्या लेखी मी तिच्याबरोबर नदीवर गेलेला, तिच्याबरोबर बाहेर राहिलेला भाऊ होतो. ती पदरातली वाळू तिनं नवागामच्या खोलीत टाकली नाही. हे घर देवीनं दिलेलं नाही, म्हणाली.

आणि मी गिरणी उभी केली. खांबांवरचे रंगाचे थर खरवडून आतलं काळं बीड बाहेर काढलं. विटा ब्रशनं घासल्या, एकही फोडली नाही. लोखंडी जिने असे बसवले की आज पोरं धावत चढली तरी आवाज येत नाही. सकाळी त्या उंच खिडक्यांमधून ऊन आलं की सबंध घर लाल-सोनेरी होतं. लोक बघायला येत आणि वर बघत उभे राहत. शेठनी खूश होऊन त्यातलं एक लहान घर मला सोडलं. मी लग्न केलं, त्यात संसार थाटला. खाली आक्काची खोली होती तिथं आता गाड्या लागतात. मीही माझी स्कूटर तिथंच लावत आलो.

वास्तुशांतीला आक्का आली. वर्ष अठ्ठ्याण्णव असेल. तिनं नवी साडी नेसली होती. माझ्या बायकोचं कौतुक केलं, खांबावरून हात फिरवला, जिन्याकडं बघितलं. वर झोपतो म्हटल्यावर तिनं मला जुन्या सवयीनं चिमटा काढला, "मंग तू गोधड्या कोठे ठेवस रे?" सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, झालं, पार पडलो.

जेवणं झाल्यावर पाहुणे पांगले. बायको भांडी आवरत होती. आक्का खिडकीखाली बसली होती. गोकुळचं पहिलं बाळ त्याच उन्हाळ्यात जन्मलं आणि जगलं नाही, हे मला माहीत होतं. मी भेटूनही आलो होतो. ती खाली बघत म्हणाली, "देवीनं अन्न परकास्ना तोंडमा गयं, बापू. मन्हंच चुकनं. मी दारले कडी लायेल नव्हती."

तिनं त्या दिवसाची उजळणी करून करून स्वतःला हे पटवून दिलं होतं. परकी माणसं सहज आत शिरली, डबा उघडला, म्हणजे आपणच घाईत दार उघडं टाकलं असणार. त्या रोटांपासून देवी रुसली. घर गेलं, नातू गेला. त्या वर्षापासून तिनं कानबाई बसवलीच नव्हती. नारळ कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिला होता. आता तिनं मला विचारलं, कुळातला माणूस म्हणून विचारलं — परत बसवू का? देवी घेईल का?

एका वाक्याचं काम होतं. रोट परक्यानं नाही खाल्ले, मी खाल्ले. एवढं म्हटलं असतं तर तिच्या मानेवरचा धोंडा उतरला असता, नारळ माळ्यावरून खाली आला असता. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता — बापू, तू तर नदीवर होतास ना? मी तुळया तोलल्या आहेत, मजले तोलले आहेत. त्या क्षणी मी तिचं उरलेलं आयुष्य एका पारड्यात आणि माझं नाव दुसऱ्या पारड्यात टाकून तोललं. फार वेळ लागला नाही.

मी म्हणालो, "राहू द्या आक्का. आता वय झालं तुमचं."

तिनं मान हलवली. बायकोनं पान आणून दिलं, ते तिनं घेतलं. मी तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. माझ्या स्कूटरपाशी ती क्षणभर थांबली, इकडंतिकडं बघितलं, आणि रिक्षात बसली. पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. तिला खांदा द्यायला मी पुढं होतो. लोक म्हणाले, सख्खा भाऊ एवढं करत नाही. नारळ गोकुळनं तापीत सोडला.

गिरणीच्या घरांचं काम उत्तम झालं, हे मी अजूनही छाती ठोकून सांगतो. कुलपाचा सल्ला मी दिला. तो दिल्याचा मला आनंद झाला होता. आणि आक्का समोर बसली असताना मी गप्प राहिलो, तेव्हा मी पुरता शुद्धीवर होतो. यातलं काही मी पुसत नाही, कुणाकडून पुसूनही घ्यायचं नाही.

गोकुळ आता सुरतेजवळ हजिऱ्याला कामाला आहे, त्याला दोन मुलं आहेत. भेटला की अजून म्हणतो, माय भोळी होती, त्या दिवशी दार उघडं टाकून गेली. मी दरवेळी मान डोलावतो.

गोकुळ, रोट बाहेरच्या कुणी खाल्ले नाहीत. मी खाल्ले. आणि दार उघडं नव्हतं. तुझ्या मायनं कडी लावली होती, वरून सुतळीचा वेढाही दिला होता. तो वेढा मी सोडवला.